भिंती उजळायचं काम

सोमवार, ३

अकरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात दिवे विकले, आता बास. शुक्रवारी नोकरी सोडली. मालकांनी निरोप म्हणून ही डायरी दिली, पहिल्या पानावर दुकानाची जाहिरात आहे, ती मी फाडून टाकली. आजपासून माझं स्वतःचं काम: लोकांच्या घरात कुठे, किती आणि कसा उजेड हवा ते ठरवायचं, दिवे निवडायचे, समोर उभं राहून लावून घ्यायचे. लोक सोफ्याच्या कापडासाठी सहा दुकानं पालथी घालतात आणि दिवा मात्र वायरमन देईल तो लावतात. त्यांना शहाणं करायचा मी विडा उचललाय.

पहिलं गिऱ्हाईक जवळजवळ नक्की आहे. दातांच्या डॉक्टर आहेत, पाच खोल्यांचं नवं घर. बाई तोलूनमापून बोलतात. म्हणाल्या, आधी तुमचं स्वतःचं घर बघते, मग ठरवते. शनिवारी, २२ तारखेला, संध्याकाळी सात वाजता येणार.

आणि माझ्या घराच्या हॉलमध्ये काय आहे? चार फुटी ट्यूबलाइट. पांढरीफटक, दवाखान्यातल्यासारखी. एकोणीस दिवस आहेत. त्या बाईंनी नाही म्हटलं तर मला पुन्हा मालकांपुढे जाऊन उभं राहावं लागेल, आणि तो माणूस हसेल. मला ते हसणं माहितेय.

मंगळवार, ४

वायरमनदादा येऊन गेले. दुकानात असल्यापासूनची ओळख, कामाला पक्के. फक्त दोन स्क्रू ओठांत धरून बोलायची सवय आहे, त्यामुळे निम्मं बोलणं तिथेच अडकतं. मी बेत सांगितला: छताला कडेने लाकडी पट्टी, तिच्या मागे लपवलेला पिवळसर उजेड, तो भिंतीवरून खाली ओघळेल. जेवणाच्या टेबलावर खाली लोंबणारा एकच दिवा. कोपऱ्यात पुस्तकांच्या कपाटामागे एक. दिवा दिसता कामा नये, नुसता उजेड दिसावा. मालक म्हणायचे, भिंत उजळा, माणूस आपोआप उजळतो. माणूस कसाही असो, हे त्यांचं बरोबर होतं.

सासूबाई खुर्चीतून सगळं बघत होत्या. वायरमनदादांनी त्यांना काहीतरी विचारलं, बहुतेक खुर्ची सरकवू का म्हणून. त्या एकदम भडकल्या. "तोंडातलं काढून बोला आधी," म्हणाल्या. बिचारे वरमले. मी मध्ये पडून चहा ठेवला.

गुरुवार, ६

सासूबाईंना ट्यूब काढायची नाहीये.

कारण विचारलं तर कारण नाही. मी नीट समजावलं. पिवळ्या उजेडाने डोळ्यांना आराम मिळतो, घर मोठं वाटतं, संध्याकाळ शांत जाते. हे बोलता बोलता मी कपाट आवरत होते. पाच मिनिटं बोलले असेन. वळून बघते तर त्या स्वेटरची वीण मोजतायत. मी म्हटलं, "आई, मी तुमच्याशी बोलतेय." तर म्हणाल्या, "समोर येऊन बोलावं माणसाने." म्हणजे सुनेने आता हजर होऊन बोलायला हवं.

बाईंचा बाणा आहेच तसा. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, शेवटी सुपरवायझर. 'हॅलो' एवढ्यावरून माणूस ओळखायच्या, असं सगळे नातेवाईक सांगतात. आता मात्र घरातल्या फोनला हात लावत नाहीत. आयुष्यभर लोकांचे फोन घेतले, आता तुम्ही घ्या, म्हणतात. टीव्हीवरही फक्त खाली अक्षरं येणाऱ्या बातम्या बघतात आणि आवाज बंद ठेवतात, कलकल नको म्हणून. शांतता एवढी आवडते, मग माझा शांत उजेड का नको?

रविवार, ९

ट्यूब काढली.

नवऱ्याला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, तू आणि आई बघून घ्या. चौदा वर्षं हेच एक वाक्य ऐकतेय. मग मी बघून घेतलं.

संध्याकाळी सगळं एकदम लावलं आणि खरं सांगते, माझ्याच अंगावर काटा आला. भिंती मधासारख्या दिसत होत्या. टेबलावरच्या दिव्याखाली ताटं, हात, पाण्याचे पेले एवढंच उजळलं होतं, बाकी सगळं मऊ अंधारात. चित्रात असतं तसं. नवऱ्यानेसुद्धा मान वर करून बघितलं, आणि तो जेवताना कशाकडे बघत नाही.

जेवताना नवऱ्याने सासूबाईंना विचारलं, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ का. त्या म्हणाल्या, "नको, पुरे भाजी." मी हसले. त्यांनी हसताना बघितलं आणि ताट उचलून उठल्या. आत स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या दिव्याखाली ओट्याशी उभ्या राहून उरलेलं जेवण संपवलं. माझ्या पहिल्या दिव्यांच्या पहिल्या संध्याकाळी! मला रडू आलं, रागाने.

बुधवार, १२

तीन दिवस त्या स्वयंपाकघरातच जेवतायत. मी कणीक मळायला उभी राहिले की स्टूल घेऊन येतात आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसतात. पाळत ठेवल्यासारखं वाटतं. हात आखडतात माझे.

नवऱ्यालाही सोडत नाहीत. त्याने गेल्या महिन्यात दाढीमिशी वाढवली, तेव्हापासून रोज एकदा तरी, काढ ते जंगल, चेहरा दिसत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला. तो म्हणतो, आई असंच करते, लक्ष देऊ नकोस.

आज स्वयंपाकघरात मी पुन्हा विषय काढला. शांतपणे, समोर उभी राहून, साहेब समोर बसल्यासारखं. म्हटलं, २२ तारखेनंतर तुमच्या खुर्चीजवळ एक वाचायचा दिवा देते. त्या म्हणाल्या, "माझ्यावर उजेड नको मला." मग उजेड हवाय तरी कुणावर? त्यावर त्यांनी आपल्या सासूची गोष्ट काढली. म्हणजे नवऱ्याच्या आजीची, तिला शेवटची दहा वर्षं ऐकू यायचं नाही. म्हणाल्या, तिच्यासमोर बसून आम्ही तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलायचो, ती गोड हसायची, आम्ही आणखी बोलायचो. "सगळ्यात जास्त मी बोलायचे. टपालाची पेटी बरी, तिच्यात निदान कुणी पत्र टाकतं." आणि उठून गेल्या. दिव्यांच्या बोलण्यात हे कुठून आलं, देव जाणे. वय झालं की माणूस भरकटतो.

शनिवार, १५

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवते.

वायरमनदादा टेबलावरच्या दिव्याला उजेड कमी-जास्त करायचं बटण जोडत होते. हॉलचा मेन बंद केला होता. त्याच लाइनवर पॅसेजही आहे, त्यामुळे तिथेही अंधार. दादा शिडीवर, तिसऱ्या पायरीवर, दोन्ही हात उघड्या वायरींमध्ये. मी खाली शिडी धरून. सासूबाई खोलीतून बाहेर आल्या, पॅसेजमध्ये दिवा लागेना म्हणून मेनच्या पेटीकडे गेल्या. आमच्याकडे पाठ. मी ओरडले, "आई, नको!" दादा ओरडले. तोंडातले स्क्रू खाली पडले इतके जोरात ओरडले. खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली, यावरून काय ते समजा. आणि ह्या बाईंनी सावकाश, काही झालंच नाही अशा थाटात, पेटी उघडली आणि खटका वर केला.

दादा शिडीवरून मागे पडले. अंगठा आणि दोन बोटं भाजली, मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. त्या माणसाला घर आहे, दोन मुली आहेत. मी दवाखान्यात त्यांच्याशेजारी बसून फक्त एवढंच मोजत होते की मी शिडी सोडून धावले असते तर किती पावलं होती. सहा. सहाच पावलं होती.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. नवरा होता समोर. "तुम्ही मुद्दाम केलंत का?" त्या पांढऱ्या पडल्या होत्या. माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हो. केलं. मला तो दिवा नको होता."

नवरा खुर्चीत बसला तो उठलाच नाही.

मंगळवार, १८

घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

वायरमनदादांना भेटून आले. हाताला पट्टी आहे, पण शुक्रवारपर्यंत राहिलेलं काम पुतण्याला पाठवून करून देतो म्हणाले. मी लाजेने मेले. वर म्हणतात, आजींना काही बोलू नका, त्या मुद्दाम करणाऱ्या नाहीत. मी म्हटलं, दादा, त्यांनी स्वतः कबूल केलंय. तर म्हणाले, त्यांनी मागे वळून बघितलंच नाही हो ताई, मुद्दाम करणारा माणूस एकदा तरी बघतो. चांगल्या माणसाचा चांगुलपणा. मला मात्र त्या घरात आहेत तोवर शिडीवर कुणाला चढवायची छाती होत नाही.

सासूबाईंनी आपण होऊन सांगितलं, रविवारी धाकट्या बहिणीकडे जाते. कायमची. दीडशे मैलांवर ती एकटी राहते, तिला सोबत होईल. नवरा काहीच बोलला नाही. त्याने बोलावं असं मला वाटत होतं, आणि बोलू नये असंही वाटत होतं. हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार.

शुक्रवार, २१

काम पूर्ण झालं. दिवे बघितले की समाधान व्हायला हवं. झालं नाही.

सासूबाईंनी बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. तेवीस वर्षांपूर्वीचा एक्स्चेंजमधला फोटो भिंतीवरून काढून कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवला. मी मदत करू का विचारलं, दारातून. त्या घड्याच घालत राहिल्या. मी दार ओढून घेतलं.

शनिवार, २२. संध्याकाळी, डॉक्टरीणबाई गेल्यावर लगेच

काम मिळालं.

डॉक्टरीणबाई पावणेसातलाच आल्या. घर बघितलं, बटण कमी-जास्त करून बघितलं, दोन-तीन बारीक प्रश्न विचारले, बरोबर तेच जे मी विचारले असते. मग म्हणाल्या, बाहेरून कसं दिसतं बघू. आम्ही गॅलरीत गेलो. काचेचं दार मी ओढून घेतलं, डास येतात म्हणून. गॅलरीत अजून जुना लखलखीत पांढरा बल्ब आहे, कपडे वाळत घालायला लागतो, तो लावला. काचेतून हॉल असा दिसत होता की वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं घर आहे आणि आपण हेव्याने बघतोय.

सासूबाई आत खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ह्या कोण. आणि मी सगळं सांगून टाकलं. कशाला सांगितलं कोण जाणे. काम मिळणार असं दिसल्याचा आनंद असेल, आठवडाभर तोंड दाबून ठेवलं होतं म्हणूनही असेल. म्हटलं, सासू आहेत, डोक्याने जरा तिरकस झाल्यात, आमच्या वायरमनला मुद्दाम शॉक दिला. उद्या जातायत. गेल्या की त्यांची खोली माझं ऑफिस करणार आहे. बाईंनी एवढंच विचारलं, उद्याच का? आणि विषय बदलून सोमवारी मोजमापाला या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी पेले उचलत होते. सासूबाई जवळ आल्या, अगदी समोर. म्हणाल्या, "टेबल पूर्वेच्या खिडकीशी लाव. ऑफिसचं. सकाळी ऊन चांगलं येतं."

ऑफिसचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

आताच नवऱ्याला हॉलमध्ये उभं केलं, दार लावलं आणि गॅलरीतून मोठमोठ्याने बोलले. त्याला काही ऐकू गेलं नाही. तो म्हणतो, तुला बरं वाटत नाहीये का. दाराला कान लावला असेल म्हणावं, तर त्या खुर्चीतून हलल्या नव्हत्या. मी बघत होते त्यांच्याकडे, सगळा वेळ. आणि त्या बघत होत्या माझ्या

रविवार, २३. दुपारी

काल वाक्य तिथेच सुटलं. पेन हातात तसंच राहिलं.

माझ्या तोंडाकडे बघत होत्या. स्वयंपाकघरात बघायच्या तसंच. दाढी, फोन, दादांच्या तोंडातले स्क्रू, समोर येऊन बोल, सगळं एकापाठोपाठ एक डोक्यात पडत गेलं. ज्या दिवशी ट्यूब काढली त्या दिवशी मी त्यांच्यापुढून घरातल्या सगळ्यांचे चेहरे काढून घेतले, आणि भिंती उजळत बसले. हे काम करणाऱ्या बाईला दोन आठवड्यांत एकदाही कळू नये की आपल्या टेबलावर ताटं दिसतात आणि तोंडं दिसत नाहीत! आणि त्या 'हो, मुद्दाम केलं' म्हणाल्या. मुलाच्या देखत. दुष्ट म्हटलेलं त्यांना चाललं, पण बहिरी म्हटलेलं चाललं नाही.

नवऱ्याला काही बोलले नाही. मला आधी खात्री करायची होती, आणि खरं तर भीती वाटत होती.

सकाळी नऊची टॅक्सी सांगितली होती. साडेआठला त्या तयार होऊन सोफ्यावर बसल्या, गॅलरीकडे पाठ करून, पायाशी बॅग. नवरा गॅलरीत टॅक्सीची वाट बघत उभा. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. गॅलरीतलं ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं, डोळे दिपत होते, पण बाजूला झाले नाही. आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, आई, माझं चुकलं. जाऊ नका.

त्यांचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत घट्ट झाले. त्यांची नजर माझ्या ओठांवरून न हललेल्या गळ्यावर गेली; त्यांना कळलं की मला कळलंय. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मला वाटलं, आता मारतील. मग त्या म्हणाल्या, "एवढ्या हळू बोलू नकोस. माफी मागायची तर घरातल्यांना ऐकू जाईल अशी माग."

मग मी मोठ्याने मागितली. अगदी मोठ्याने, रडत, जमेल तशी. म्हटलं, तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत, तुम्हाला आमचं ओरडणं ऐकूच गेलं नव्हतं, आणि मी तुम्हाला नको ते विचारलं, परक्या बाईपुढे नको ते बोलले. त्या माझ्या ओठांवरून नजर हलवत नव्हत्या. एक शब्द सुटू द्यायचा नव्हता त्यांना.

नवरा गॅलरीतून आत आला होता. दारातच थांबला, त्यांच्या पाठीमागे, चार हातांवर. त्याचा चेहरा मला दिसत होता. त्याने हाक मारली, "आई?"

त्या वळल्या नाहीत.

त्याने पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्याने, आवाज फाटला त्याचा. "आई!" खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. त्या तशाच, माझ्या तोंडाकडे बघत, मी पुढे काय बोलते त्याची वाट बघत बसलेल्या.

नवरा सोफ्याला वळसा घालून आला आणि माझ्या शेजारी, उन्हात, त्यांच्यासमोर उभा राहिला. मी गॅलरीत गेले आणि टॅक्सीवाल्याला हाताने सांगितलं, जा.